इमारतीचा मास्क

त्याला हसलेलं चालत नाही. पाण्यात तोंड घालून माणूस हसला की गालाला वळी पडते, त्या वळीपाशी सिलिकॉनची कड उचलली जाते आणि समुद्र आत शिरतो. मिशीही त्याला खपत नाही. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर व्हॅसलीन चोपडून यावं, नाहीतर नाकाखालची एक पट्टी भादरून यावं. कपाळावरची एखादी बट आत अडकली तरी तो तिच्या वाटेने गळायला लागतो. घाईने घातला तर गळतो, पट्टा आवळून बांधला तर आणखीच गळतो. असा हा काटेकोर स्वभावाचा मास्क ठाण्याच्या माजिवड्यातल्या आमच्या इमारतीत राहतो. नावाला आमच्या घरी. एरवी, ज्याचं समुद्राकाठचं तिकीट निघालं असेल त्याच्या बॅगेत.

माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. एका फेरीहून परतताना त्यांनी तो आणला आणि पुढच्या बोटीवर जाताना आमच्याकडे ठेवून गेले. दिसायला अगदी साधा. काळं सिलिकॉन, निळी चौकट, दोन जाड काचा आणि मधोमध नाकासाठी फुगीर खोळ. काच खरी आहे, टफन्ड, फुटलीच तर तिचे सुरे होत नाहीत, खडे होतात. नाकाच्या त्या खोळीला लोक आधी हसतात, पण सगळी अक्कल तिच्यातच आहे. पोहण्याच्या तलावात घालतात त्या चष्म्यात नाक बाहेर असतं. पुरुषभर खाली बुडी मारली की पाण्याचा दाब वाढतो, चष्म्यातली हवा आकसते आणि काचा डोळ्यांवर रुतायला लागतात. मास्कमध्ये नाकातून हळूच थोडी हवा सोडली की आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. आत पाणी आलं तरी तोच उपाय. मान जरा मागे, वरच्या कडेवर दोन बोटं, नाकातून फुंकर, की पाणी खालच्या कडेने निघून जातं. एवढं जमलं की माणसाची भीती निम्म्याने उतरते.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक अदृश्य थर असतो. तो पांढऱ्या टूथपेस्टने घासून काढावा लागतो, दोन-तीनदा. ते भाऊजींनीच केलं होतं. पण दर वेळी पाण्यात उतरण्याआधी करायचा विधी वेगळा आहे. काचेच्या आतल्या बाजूला थुंकायचं, बोटाने पसरायचं आणि समुद्राच्या पाण्याने एकदाच खळबळून घ्यायचं. आमच्या सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या वस्तूत थुंकायचं म्हणजे काय! पण कारण साधं आहे. आतली हवा श्वासाने उबदार आणि दमट होते, काच समुद्रामुळे गार असते, म्हणून आतल्या बाजूला बारीक थेंब धरतात आणि धुकं दाटतं. लाळेमुळे थेंब सुटे राहत नाहीत, त्यांचा पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. मालवणच्या होडीवरची मुलं त्यासाठी पाण्यात कालवलेला शाम्पू ठेवतात. तेही चालतं, पण नीट खळबळलं नाही तर डोळे चुरचुरतात. परत आला की मात्र मास्क गोड्या पाण्यात तासभर भिजत पडतो, सावलीत वाळतो आणि मगच डब्यात जातो. इमारतीतले सगळे हे पाळतात.

त्याची करामत किती छोट्या गोष्टीवर उभी आहे! आपला डोळा हवेत बघायला घडलेला आहे. प्रकाश हवेतून डोळ्याच्या पुढच्या पडद्यात शिरताना वळतो, तेव्हा चित्र स्पष्ट उमटतं. पाण्यात डोळा उघडला तर ते वळणच उरत नाही, कारण पाणी आणि तो पडदा प्रकाशाला जवळजवळ सारखेच. म्हणून सगळं पुसट दिसतं. मास्क डोळ्यापुढे फक्त बोटभर हवा धरून ठेवतो. बाकी काही नाही. त्या बोटभर हवेसाठी ही सगळी काच, चौकट आणि पट्टा. मोबदल्यात तो एक गंमत करतो. पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दाखवतो. म्हणून परत आलेला माणूस हात फाकवून माशाचं माप सांगतो तेव्हा त्याला खोटारडा म्हणू नये, त्याने खरोखर तेवढा पाहिलेला असतो. थोड्या नंबरचा चष्मा असणाऱ्यांना तर चष्म्याशिवायही बरं दिसतं, कारण लांबची वस्तू जवळ आलेली असते. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चष्मा नाही म्हणून पाण्यात उतरायला तयार नव्हते. उतरले, आणि मग त्यांना बाहेर काढणं अवघड झालं.

जोडीला एक नळी आहे. तिची लांबी जेमतेम 40 सेंटिमीटर. मुलं विचारतात, लांबलचक पाइप लावून खोल का जाता येत नाही? हातभर खाली गेलं तरी पाणी छातीला असं दाबतं की वरची हवा आत ओढणं जड जातं, आणखी खाली तर ओढताच येत नाही. म्हणून मास्क आणि नळी माणसाला पाण्याच्या पाठीवरच ठेवतात. पालथं पडायचं, हातपाय सैल सोडायचे आणि खाली बघत राहायचं. मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. बेटावरच्या सुट्टीत करण्यासारखं म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेगाचं असतं. जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग. त्यात मजा आहे, मुलांनी करावंच. पण त्या सगळ्यांत समुद्र म्हणजे आदळायची जागा. मास्क लावलेला माणूस पहिल्यांदा समुद्राकडे बघतो, आणि बघायचं असेल तर स्वस्थ राहावंच लागतं.

माजिवड्याहून त्याची नेहमीची वाट मालवणची. नाक्यावरून रात्रीच्या खासगी बस सुटतात. नाहीतर ठाण्याला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी कुडाळला उतरायचं. मालवणच्या जेटीसमोर कुरटे बेट, आणि त्यावर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. 48 एकरांचं बेट, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ला बघायला येणारे तट बघतात, राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवरायांचं दर्शन घेतात, महाराजांच्या हाताचा ठसा बघतात आणि होडीने परत फिरतात. तटाबाहेर, पाण्याखाली काय आहे ते बहुतेकांना माहीत नसतं. 1987 मध्ये मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 29.12 चौरस किलोमीटरचा, आणि त्याचा गाभा नेमका या किल्ल्याभोवतीचा आहे. किल्ल्याच्या खडकांच्या आश्रयाला प्रवाळ आहेत. अंदमानसारखे फांद्यांचे नाहीत, गोल, गठ्ठ्याने वाढणारे, मेंदूवर असतात तशा वळ्यांचे.

तिथे होडीवाला तुम्हाला पाण्यात सोडताना एकच सूचना देतो, आणि ती मास्कच्याच स्वभावातून आलेली असते. "काकी, तोंडान श्वास घ्या. नाक इसरा." नाक विसरायला वेळ लागतो. जन्मभराची सवय असते. पहिली चार-दोन मिनिटं धाप लागते, नळीत खारं पाणी येतं, माणूस उभा राहायला बघतो आणि पायाखाली जमीन नसते. मग केव्हातरी श्वासाचा आवाज कानात एकसारखा यायला लागतो आणि त्याच क्षणी खालचं दिसायला लागतं. पिवळ्या पाठीवर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा अगदी काचेपर्यंत येतो. खडकाच्या कपारीत काळ्या लांब काट्यांचा गोळा, त्याला हात लावायचा नाही. पोपट मासा खडक कुरतडत असतो, आणि तो कुरतडण्याचा आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. तो चोचीने खडक-प्रवाळ फोडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि चुरा मागच्या बाजूने टाकून देतो. प्रवाळाच्या बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी अशीच तयार झालेली आहे. फोटोत ज्या वाळूवर आपण पाय पसरून बसतो, ती कोणीतरी आधी चावलेली असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ. त्याआधी पावसाचा गढूळपणा उतरलेला नसतो. मालवणात आरपार दिसणं हे रोजच्या रोज ठरतं. एखाद्या दिवशी दोन हातांपलीकडे काही दिसत नाही, आणि तसं असलं की उतरू नये, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघावं. मला राग येतो तो पावाचा. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव, बिस्किटं टाकतात. मग एकाच जातीचे हावरे मासे गर्दी करतात, बाकीचे दूर पळतात, आणि ज्यांचं काम खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणं, ते मैद्यावर जगायला लागतात. मास्क देताना आम्ही ही एक अट घालतोच. पाव टाकायचा नाही. आणि पाय खाली टेकायचा नाही, कारण टेकाल तो दगड नसतो. प्रवाळ हा हजारो बारीक प्राण्यांचा संसार आहे, इथला तर वर्षाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी वाढणारा. एका टाचेखाली किती वर्षं मोडतात, याचा हिशेब उभ्या माणसाला लागत नाही.

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी मास्ककडे वेगळी सोय आहे, आणि ती आम्हाला सासूबाईंनीच दाखवली. मालवणच्या रॉक गार्डनपाशी सुकतीला खडकांमध्ये पाण्याची डबकी राहतात. त्या साडी खोचून एका डबक्याकाठी बसल्या आणि मास्क चेहऱ्याला न लावता नुसता हातात धरून त्याच्या काचा पाण्यावर टेकवल्या. वाऱ्याची लहर आणि आभाळाची चमक काचेखाली लगेच थांबली. खाली समुद्रफुलाचे हिरवट दोरे हलत होते. एक शंख चालायला लागला, तेव्हा आतला खेकडा दिसला. तो रिकाम्या शंखात भाड्याने राहतो आणि अंगाने वाढला की मोठी जागा शोधतो, हे त्यांना सांगितल्यावर त्यांना त्याच्याविषयी फार माया वाटली. ठाण्यात खोल्या बदलत आयुष्य गेलेल्या बाईंना ती वाटणारच. भरती चढून खडक बुडायला लागले तरी त्या उठत नव्हत्या. थुंकण्याचा विधीही त्या दिवशी लागला नाही, त्यामुळे त्यांचं आणि मास्कचं कायमचं जमलं.

अंदमानला तो गेला तो दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाबरोबर, आणि मग आमच्याबरोबर. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्री विजयपुरमला उतरला की आधी सेल्युलर जेलमध्ये जातो, आणि तसंच जावं. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीन आज उभ्या आहेत. 1911 मध्ये सावरकरांना तिथे आणलं. त्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर सुट्टीचा विचार मनात राहत नाही. त्या दिवशी मास्क बॅगेतच असतो.

त्याचा दिवस हॅवलॉकला येतो. 2018 पासून या बेटाचं नाव स्वराज द्वीप. तिथे आधी घड्याळाशी जुळवून घ्यावं लागतं. ठाण्यापेक्षा ते बेट 20 रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य 80 मिनिटं आधी. घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. माजिवड्याच्या सवयीने नऊला उठून न्याहारी करत बसलं तर अर्धा दिवस हातचा जातो, आणि मास्कला तर उंच आलेला सूर्यच लागतो. तिरप्या उन्हाचा बराचसा प्रकाश पाण्यावरूनच परत फिरतो, खाली उतरतच नाही. राधानगरचा किनारा जगभर नावाजलेला आहे आणि तिथे संध्याकाळ घालवावीच, पण तिथे तळ वाळूचा. मास्कला तिथे काही काम नाही. त्याची जागा एलिफंट बीच. लाकूडतोडीच्या काळात हत्ती इथे ओंडके ओढत. जंगलातल्या चिखलवाटेने चालत किंवा होडीने तिथे जाता येतं.

मालवणात मास्क जे अर्धं दाखवतो ते इथे पूर्ण दाखवतो. पाणी इतकं स्वच्छ की आपली सावली खाली वाळूवर पडलेली दिसते. समुद्रफुलाच्या दोऱ्यांत ते नारिंगी-पांढरे मासे, ज्यांना सगळी मुलं नीमो म्हणतात. त्यांच्या घरातला सगळ्यात मोठा मासा मादी असतो, आणि ती गेली की तिच्या खालोखालचा नर मादी होतो. हे कळल्यावर माझा मुलगा प्रत्येक समुद्रफुलापाशी थांबून मोठा कोण ते शोधत बसला. लाल रंग मात्र मास्कलाही राखता येत नाही. पाणी लाल आधी गिळतं. चार-पाच मीटर खालचा लाल मासा करडा दिसतो, आणि तोच वर आला की पेटल्यासारखा होतो. आणि पांढरे पडलेले प्रवाळही मास्क दाखवतो. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं, त्याला रंग आणि अन्न देणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. 2010 मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. काही सावरले, काही नाही. पाण्यात तरंगताना मध्येच असा पांढरा पट्टा येतो. तिथे मासे फारसे दिसत नाहीत. येताना त्यातला एखादा तुकडा खिशात टाकावासा वाटतो लोकांना. मेलेला असला तरी वन्यजीव कायद्याने तो उचलायला बंदी आहे, आणि विमानतळावर बॅगेत सापडतोच.

आमच्या मुलानेच एकदा विचारलं, आपणही बेटावरच राहतो ना, मग इथे का नाही मास्क लावायचा? बरोबरच होतं त्याचं. माजिवड्याच्या नाक्यावर उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि घोडबंदरकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये उभं राहून पटणार नाही, पण हे साष्टी बेट आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास आणि वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. रेल्वेलाही 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आल्यावर पुढे कल्याणला जायला खाडीवर पूल बांधावा लागला. मुलाला घेऊन मी बाळकुमच्या बाजूला खाडीवर गेले. मास्क बरोबर नेला होता, पण काच पाण्याला लावायची वेळच आली नाही. चहासारखं पाणी. त्यात थोडा दोष निसर्गाचा आहे, खरं तर दोष नव्हेच. भरती-ओहोटी चिखल ढवळते, तिवरं तो धरून ठेवतात, त्यातच निवट्या, चिखलातल्या मासळ्या, उड्या मारत असतात, आणि याच खाडीच्या खालच्या पट्ट्यात तोच चिखल रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना पोसतो. 2015 मध्ये तिथे रोहित अभयारण्य झालं, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तो चिखल असायलाच हवा. पण त्यावर तरंगणारा फेस, पिशव्या आणि नाल्याचा वास हे सगळं आपलं आहे. हॅवलॉकला एक वेष्टन पडलं तरी वाकून उचलणारे आपणच, आपल्या बेटाचं पाणी असं ठेवतो याचं मला फार वाईट वाटतं. मुलगा बराच वेळ निवट्या बघत बसला. त्यांना मास्क लागत नाही, त्या स्वतःच पाण्याबाहेर येतात.

मास्क परत द्यायला येणारा माणूस आमच्या दारातून परत जात नाही. आत येतो, बसतो, चहा घेतो आणि सांगत राहतो. एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे न बोलणारी माणसं खुर्चीच्या कडेला येऊन हातांनी माशांची वळणं काढून दाखवतात. कोणी हॉटेलबद्दल बोलत नाही, जेवणाबद्दल क्वचित.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई देवबागच्या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांचं माहेर. घरातले सगळे मासेमारी करणारे. मास्क धुऊन वाळत घातलेला त्या कित्येकदा बघायच्या, पण कधी विचारलं नव्हतं. एका मे महिन्यात गावाला जाताना मीच तो त्यांच्या हातात ठेवला. "माका काय करूचो, वैनी? समुद्र आमच्या दारातच आसा," म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे, भाच्यांना द्या. जूनमध्ये परत आल्या तेव्हा डबा ओट्यावर ठेवून त्या कणीक मळायला लागल्या आणि मळता मळता थांबल्या. भाऊ होडीने बाहेर घेऊन गेला होता. मुलांनी आग्रह केला म्हणून त्याही होडीच्या काठाला धरून पाण्यात उतरल्या, आणि खालून बांगड्यांचा थवा गेला. लहानपणापासून रापणीत तडफडणारा, टोपलीत चकाकणारा, विळीवर चिरलेला बांगडा त्यांनी पाहिला होता. पाण्यात, चालता-फिरता, एकदम सगळे वळताना कधीच नाही.

"इतकी वर्सां बांगडे साफ केलंय," त्या म्हणाल्या, "पण पाण्यात ते इतके हिरवे दिसतत ह्या कधी म्हायतच नाय होता." कणकेचे हात तसेच ठेवून त्यांनी मला ते वळण दोनदा करून दाखवलं. मग आईलाही दाखवायचं राहिलंय म्हणाल्या, तिने तर उभ्या जन्मात मासळी विकली. दिवाळीनंतर पाणी निवळलं की मास्क पुन्हा लागेल, तेव्हा दुसऱ्या कोणाला कबूल करू नका.

डिसेंबरसाठी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांना मी नवा घ्यायला सांगितलं, आणि टूथपेस्टने कसा घासायचा तेही.